एका सहीचा फेब्रुवारी

फेब्रुवारी लागला की माझं डोकं फिरतं. लोकांना या महिन्यातली हवा आवडते. सकाळी गारवा, दुपारी कोवळं नाही पण सोसेल असं ऊन, बांधावरची ज्वारी काढणीला आलेली. आमच्या तिसगावच्या रस्त्यावर चिंचा पिकून खाली पडतात, येणारीजाणारी एसटी त्यांचा चेंदा करते, आणि तो आंबट वास शाळेच्या फाटकापर्यंत येतो. शिपाई बाकांवर परीक्षेचे नंबर चिकटवत असतो. डिंकाचा वास, खडूचा वास, पोरांच्या नव्या पॅडचा वास. सत्तावीस वर्षं मी या वासांत काढली. आता ते नाकात शिरले की मला कुणाशी तरी कडाडून भांडावंसं वाटतं.

यंदा भांडायला निमित्तही मिळालं. शिक्षकांच्या मोबाईल ग्रुपवर एक कागद आला. तरुण मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्यात नवा कायदा करायचं घाटतंय, त्यावर शाळा-कॉलेजांनी मत कळवावं. कागद लांबलचक आहे, पण मुद्द्याची गोष्ट एकच. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला किंवा मुलीला मनाचा त्रास होत असेल तर आईवडिलांच्या सहीशिवाय समुपदेशकाला आणि डॉक्टरला भेटता येईल, निदान पहिल्या काही भेटी तरी. आणि तिथं जे बोलणं होईल ते, जिवाला धोका असल्याशिवाय, घरी कळवलं जाणार नाही. खाली मतासाठी दोन ओळी मोकळ्या सोडल्यात.

आमच्या प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये येऊन सगळ्यांचं मत सांगूनही टाकलं. "पालकांची संमती हवीच, असं लिहायचं. एकमतानं. आपली काही संस्कृती आहे." मी म्हटलं, "सर, माझं मत वेगळं आहे." ते म्हणाले, "म्याडम, तुमचं कधी वेगळं नसतं?" सगळे हसले. सवयीनं मीही हसले, आणि घरी येईपर्यंत त्या हसण्याची मला शिसारी आली. माझं मत दोन ओळींत मावणारं नाही. ते चार वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत अडकून पडलंय.

ते सांगण्याआधी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. दिवाळी झाली की आमचा भाग रिकामा होतो. माणसं ऊसतोडीला जातात. कुणी कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात, कुणी इथंच कोपरगावकडे. घरांना कुलपं लागतात, गावात म्हातारी माणसं उरतात आणि पोरं वसतिगृहात येतात. निघायच्या आदल्या दिवशी आईबाप येतात, पोरांच्या हातात फरसाणाची पिशवी, खोबरेल, साबण देतात, आणि मग माझ्या टेबलाशी रांग लावतात. सह्या करायला. कोऱ्या कागदांवर. एकेक जण आठ-दहा कागदांच्या खालच्या कोपऱ्यात सही करतो नाहीतर अंगठा उठवतो, आणि उन्हाळ्यापर्यंतचं आपलं आईबापपण माझ्या ताब्यात देऊन निघून जातो.

मग हंगामभर काही लागलं की मी फाईलमधून एक कागद काढते आणि वरच्या मोकळ्या जागेत मजकूर लिहिते. शिष्यवृत्तीचा अर्ज, सहलीची परवानगी, लस टोचायची परवानगी, शिबिर, गॅदरिंगमधला नाच, आठ दिवसांची रजा. प्राचार्य शिक्का मारतात. हे कायद्यात बसत नाही हे मला कळत नाही असं नाही. पण बाप तीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात आणि अर्जाची मुदत उद्या, अशा वेळी दुसरं करायचं काय? असं चाललं म्हणून कितीतरी पोरं शिकली, त्याची मला लाज वाटत नाही. लाज दुसऱ्याच गोष्टीची वाटते.

रेणुका तेव्हा बारावीला होती, कला शाखेला. सतरा वर्षांची. इतिहासाच्या तासाला मध्येच हात वर करायची. "म्याडम, राजानं ठरवलं ते ठीक, पर लोकांना कुनी इचारलं का?" मला असली पोरगी वर्गात असली की बरं वाटतं, शिकवण्याला धार येते. जानेवारीपासून तिचा हात वर येईनासा झाला. मी म्हटलं, परीक्षेचं टेन्शन असेल. हे आम्हा शिक्षकांचं ठरलेलं वाक्य. पोरगी वाळून चालली तरी टेन्शन, पोरगा भिंतीकडे बघत बसला तरी टेन्शन. एकदा टेन्शन म्हटलं की पुढचं बघायला नको.

निरोप समारंभ झाल्यानंतरच्या दिवशी मधल्या सुटीत ती लायब्ररीत आली. मी नंबरांच्या चिठ्ठ्या कापत होते. ती समोर उभी राहिली आणि मी कात्री खाली ठेवायच्या आधीच बोलायला लागली. पाठ करून आली असावी. "म्याडम, मला महिना झाला झोप न्हाई. वाचलेलं ध्यानात राहत न्हाई. जेवताना घास तोंडात फिरतो. कधी कधी वाटतं, झोपावं आन् उठूच नये. मोबाईलवर बघितलं मी, ह्याचे डॉक्टर असत्यात. नगरला सरकारी दवाखान्यात हायेत. तुमी मला न्याल का?"

या वाक्यांवर मी चार वर्षं विचार करतेय. किती मोठी माणसं पाहिली मी, मास्तर, पुढारी, चर्चमधले पाळक, माझे स्वतःचे मामा, ज्यांना मरेपर्यंत हे तोंडातून काढता आलं नाही. ही सतरा वर्षांची पोरगी, आईबाप परमुलखात, ती स्वतः शोधते, स्वतः ओळखते, आणि चालत येऊन मागते. यापेक्षा शहाणपण ते कोणतं असतं? मी तिला जवळ बसवलं, न्यायचं कबूल केलं. ती उठताना म्हणाली, "फकस्त घरी कळू देऊ नका. आप्पा लगेच लगीन लावत्याल. चुलत बहिणीचं लावलं तसं." म्हणजे पुढे काय होणार तेही तिनंच मला सांगून ठेवलं होतं.

मी दवाखान्यात फोन लावला. पलीकडच्या बाईंनी वय विचारलं. "सतरा? मग आईवडील पाहिजेत, नाहीतर त्यांची लेखी संमती." मला तर हायसं वाटलं. लेखी संमती माझ्या कपाटात होती. मी फाईलमधून तिच्या वडिलांची, आप्पाची, सही असलेला कागद काढला, वरती चांगल्या अक्षरात मजकूर लिहिला आणि शिक्क्यासाठी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी वाचला आणि टेबलावर असा लोटला की जणू त्याला काही लागलंय. "म्याडम, हे नको. सहलीचं वेगळं, हे वेगळं. उद्या काही झालं तर संस्थेच्या अंगाशी येईल. बापाला फोन करा." मी म्हटलं, ती घरी सांगू नका म्हणालीय. "पोरगी काहीही म्हणेल. लहान आहे ती."

आणि मी ऐकलं. हे मला लिहायलाच हवं, नाहीतर मग हा लेख म्हणजे नुसती दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडणं. मी बिनशिक्क्याचा कागद घेऊन जाऊ शकत होते. दवाखान्याच्या खिडकीवर उभी राहून "मी हिची आई" म्हणू शकत होते, कोण पडताळून बघणार होतं? इतक्या वर्षांत आम्ही त्या कोऱ्या कागदांवर काय नाही लिहिलं. धरणात पोहायच्या शिबिराला पाठवली पोरं, तेव्हा नाही कुणाला बापाची आठवण झाली. आणि एका पोरीला डॉक्टरशी बोलायचंय म्हटल्यावर आम्ही सगळे एकाएकी नियमाचे पक्के झालो. एवढा एकच नियम आम्ही जन्मात पाळला.

मी स्वतः नगरची, मिशनच्या कंपाउंडात वाढलेली. सोळाव्या वर्षी माझंही असंच काही बिनसलं होतं, कारण आता आठवतही नाही, पण दिवसचे दिवस मी कुणाशी बोलत नव्हते. आमच्या पाळकसाहेबांच्या बायकोनं एका रविवारी मला आत बोलावलं, दार लोटून घेतलं, आणि काही न विचारता शेंगा सोलायला बसवलं. सोलता सोलता मी बोलायला लागले. असं पाच-सहा रविवार चाललं. बाईंनी माझ्या आईला एका शब्दानं विचारलं नाही आणि एका शब्दानं सांगितलं नाही. माझ्यासाठी कुणाची सही लागली नव्हती, आणि मी मात्र सही मागत बसले.

आप्पाला फोन लागला तेव्हा तो कर्नाटकात, फडातच होता. मागे ट्रॅक्टरचा आवाज, कुणीतरी मोळ्या टाकत होतं. "काय झालं म्याडम, पोरगी नापास झाली का?" मी सांगितलं, तसं काही नाही, तिच्या मनाला बरं नाही, डॉक्टरला दाखवायचंय. तो ट्रॅक्टरपासून लांब गेला असावा, आवाज कमी झाला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "कुनाला बोलला न्हाई ना?" मी म्हटलं, नाही. "बोलू नका. मी येतो."

तिसऱ्या दिवशी तो आला. हातांवर पाचटानं कापलेले बारीक बारीक व्रण, डोळ्यांत दोन दिवसांचं जागरण. माझ्यासमोर बसून रडला. मला वाटलं, झालं काम, बापाला कळलं. मी तोच कागद पुढे केला आणि म्हटलं, मजकूर वाचून घ्या, हवं तर खाली पुन्हा सही करा, उद्या आपण तिघं जाऊ. त्यानं बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. म्हणाला, "म्याडम, इतक्या कागदांवर सह्या केल्या, कधी वाचल्या न्हाईत. ह्यो वाचला." आणि कागदाची घडी करून खिशात घातला. मला म्हणाला, आईजवळ चार दिवस राहील, मोकळी होईल, परीक्षेला आणून सोडतो. रेणुका पिशवी घेऊन दारात उभी होती. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

इंग्रजीच्या पेपरला तिचं बाक रिकामं होतं. मी त्याच वर्गावर होते. नियम असा की अर्धा तास झाला की गैरहजर लिहायचं. मी पाऊण तास थांबले, जणू त्या पंधरा मिनिटांत कर्नाटकातून गाडी येणार होती. तिच्या खोलीतल्या पोरीनं नंतर सांगितलं, तिकडंच, ऊसतोडीच्या कोप्यांवर, त्या पाचटाच्या झोपड्यांपुढे, चार माणसांत अक्षता टाकल्या. लग्न झालं की डोकं थाऱ्यावर येतं, असं तोडणीच्या टोळीतल्या सगळ्यांनी आप्पाला समजावलं. मी पोलिसात जाते म्हटलं तेव्हा प्राचार्य म्हणाले, आता बोभाटा करून पोरीचंच नुकसान. मी दुसऱ्यांदा त्यांचं ऐकलं.

आप्पाचा मला राग येत नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. येतो. पण तो टिकत नाही. सहा महिने दुसऱ्याच्या फडात, मुकादम म्हणेल तेव्हा उठायचं, म्हणेल तेव्हा बसायचं. स्वतःचं म्हणून ठरवायला त्या माणसाकडे एक लेकीचं लग्नच काय ते उरलं होतं. त्यानं घाबरून तेच ठरवलं. राग टिकतो तो आमच्यावर, शिकलेल्या, पगारी, पंख्याखाली बसणाऱ्या माणसांवर. आम्हाला माहीत होतं आणि आम्ही हात झटकले.

आणि संस्कृती म्हणे. सोळाव्या वर्षी आमच्या पोरींच्या हातात कोयता देतात, तेव्हा कुणाची लेखी संमती लागते? दहा माणसांच्या भाकरी थापते तेव्हा ती मोठी असते. धाकट्या भावंडांना सांभाळते तेव्हा मोठी. लग्नाला तर आमच्या लेखी ती चौदाव्या वर्षापासून मोठी. फक्त "मला बरं वाटत नाही" एवढं म्हणायला ती लहान असते. हे ज्यांना दिसत नाही त्यांनी खुशाल एकमत करावं, माझं त्यात धरू नये.

कायदा झाला म्हणजे सगळं झालं, असं समजण्याइतकी मी भाबडी नाही. डॉक्टर तालुक्याला बसायला हवा, रोज बसायला हवा. पोरीला तिथवर जायला एसटी हवी आणि सोबतीला माणूस हवं. कायद्यानं यातलं काही आपोआप उगवत नाही. पण एक झालं असतं. तो कायदा त्या वर्षी असता तर प्राचार्यांना अंगाशी येण्याची भीती उलट्या बाजूनं वाटली असती. आणि मी फोन केला नसता. तेवढ्यानं भागलं असतं की नाही देव जाणे, पण ती परीक्षेला बसली असती.

मागच्या आठवड्यात मी बहिणीकडे नेवाशाला निघाले होते. घोडेगावला जनावरांचा बाजार होता, रस्त्यावर टेम्पोंची रांग, गाडी जागची हलेना. खिडकीतून बघते तर रस्त्याकडेला चार शेळ्यांची दावी धरून रेणुका उभी. कडेवर मूल. मी कंडक्टरला न सांगताच उतरले.

तिनं ओळखलं. हसली नाही, तोंडही फिरवलं नाही. "बऱ्या हाय का म्याडम," एवढं म्हणाली. एकवीस वर्षांची पोरगी चाळिशीची दिसत होती. मला माफी मागायची होती, पण बाजारात शेळ्यांच्या मध्ये उभं राहून ती कशी मागतात मला माहीत नाही. मी एकदम म्हटलं, "झोप येते का?" तिनं मान हलवली. नाही. "अगं मग आता काय अडचण आहे? आता तू सज्ञान आहेस. आता तुझीच सही चालते." ती मुलाचं नाक पदरानं पुसत म्हणाली, "सही करीन हो मी. पर नगरला जायचं तर ह्यांना इचारावं लागतं. आन् कशाला म्हनले तर काय सांगू?"

माझं डोकं सणकलं. तिचा नवरा पलीकडे गिऱ्हाइकाशी बोलत होता, तिथं मी तरातरा गेले. "मी हिची शाळेतली म्याडम. हिला झोप येत नाही, चार वर्षं येत नाही. सोमवारी नगरला मनाच्या डॉक्टरला दाखवायचंय. मी बरोबर आहे, सकाळी नगरच्या स्टँडवर थांबते. काही भानगड करू नका." तो पोरगा, पोरगाच तो, फार तर चोवीस वर्षांचा, गिऱ्हाइकाला सोडून माझ्याकडे वळला. मला वाटलं आता भांडेल, मी तयार होते. तो खाली बघून म्हणाला, "इचारून सांगतो."

"कुणाला?"

"आईला."

त्याच्यावर काय ओरडणार? मी पुढच्या गाडीत बसले आणि नेवाशापर्यंत चरफडत राहिले. आप्पाला टोळीनं सांगितलं, मला प्राचार्यांनी, याला आई सांगणार. डोक्याचं दुखणं एकीचं आणि ठरवणारी अख्खी पंगत.

काल सोमवार. सकाळी नगरच्या स्टँडवर जाऊन उभी राहिले. नेवाशाकडून आलेल्या दोन गाड्या बघितल्या, त्यात नव्हती. तिसरीतून रेणुका उतरली, कडेवर मूल, आणि मागे नऊवारीतली सासू, हातात वायरची पिशवी. म्हणजे राखणीला माणूस पाठवलं. मी मनातल्या मनात भांडणाची जुळवाजुळव केली. आत कुणी जायचं, कुणी बाहेर थांबायचं, सगळं ठणकावून सांगायचं ठरवलं. रिक्षात बाई पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. केसपेपरच्या रांगेत मात्र तिनं माझा दंड हळूच दाबला.

"म्याडम, मलाबी झोप लागत न्हाई," ती म्हणाली. "लई वर्सं झाली. छातीत धडधडतं. पोराला कधी बोलले न्हाई. हितं दोघींचं बघत्यात का?"

माझी सगळी जुळवाजुळव तिथंच गळून पडली. खिडकीवर मी दोन केसपेपर मागितले. रेणुकानं सही केली, सासूनं अंगठा उठवला, कुणी कुणाला काही विचारलं नाही. रेणुकाचा नंबर आधी लागला. तिचं पोर मांडीवर घेऊन मी बाकावर बसले आणि समोरच्या घड्याळाकडे बघत राहिले. पस्तीस मिनिटं. मला रडू यायला हवं होतं, आला संताप. एवढ्या पस्तीस मिनिटांसाठी आम्ही त्या पोरीला परीक्षेतून उठवलं, तिची चार वर्षं घालवली. दहा वेळा तरी मी उठून त्या बंद दारापर्यंत गेले असेन.

ती बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते, चेहरा मात्र पाण्यानं धुतल्यासारखा. मला राहवलं नाही. "काय काय बोललीस गं आत?"

तिनं माझ्या मांडीवरचं मूल उचलून घेतलं. "ते मी न्हाई सांगनार म्याडम," ती म्हणाली.

मी म्हटलं, नको सांगूस. तेवढ्यात आतून सासूचं नाव पुकारलं, तशी ती बाई पिशवी माझ्याकडे देऊन उठली.